नव्याचं पुस्तक

राही गेली त्याला दहा महिने झाले होते. दिवाळी आली तशी गेली. तुळशीदासने दाराशी एक पणती लावली, तीही शेजारणीने तेलवात घालून हातात दिली म्हणून. पण दिवाळी सरली आणि तो दिवस मोजायला लागला. दिवाळीनंतर नव्याचा दिवस येतो, आणि नव्याच्या दिवशी राही सूर्यमाळला माहेरी जायची.

नवं म्हणजे नवा तांदूळ. भात झोडून घरात आलं की राहीच्या माहेरी पहिला भात शिजवायचा, देवाला आणि वाडवडिलांना दाखवायचा, मग घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाने पहिला घास घ्यायचा आणि त्यानंतर पोराबाळांनी. तोवर नव्या दाण्याला कोणी तोंड लावत नाही. राहीने या रिवाजाला आपल्याकडची एक भर घातली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच नव्याला ती पुस्तकं घेऊन गेली आणि आईला म्हणाली, "तांदूळ तुझ्या हाताने नवा होतो ना, मग पुस्तकंही तुझ्याच हाताने होऊ देत. तू उघडून दिल्याशिवाय कोणी वाचायचं नाही." तिची आई पोशी, तिला अक्षराची ओळख नाही. ती हसली, पण तिने पुस्तक उघडून दिलं. तेव्हापासून दर वर्षी तसंच चालत आलं. एकोणीस वर्षं.

तुळशीदास दर वर्षी बरोबर असायचा. पिशवी त्याच्या हातात असायची. तिकडे पोचलं की राही आत आणि तो बाहेर खळ्यावर, मेहुण्याबरोबर. आतून वाचल्याचा आवाज यायचा, पोरींच्या हसण्याचा आवाज यायचा. हा पेंढ्याला पाठ टेकून तंबाखू मळत बसायचा. आत काय चाललंय ते बघायला तो एकदाही उठला नाही. बघू कधीतरी, असं वाटायचं.

यंदा बोलावणं आलं नव्हतं. तसं ते कधीच यायचं नाही. लेकीला माहेरचं बोलावणं कशाला लागतं? पण आता लेकच नव्हती. त्यांना मूलबाळ झालं नाही. मूल असतं तर त्याला आजीकडे पोचवायच्या निमित्ताने तरी जाता आलं असतं. जावई म्हणून जावं, तर जिच्यामुळे जावई झाला तीच राहिली नाही. आता त्या घराचा आपण कोण, हे त्याला कळेना. आणि राहीचं नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा हलेल असं जगात तेवढं एकच घर उरलं होतं. तिथली वाट मोडली तर राही दुसऱ्यांदा जाईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

चार दिवस त्याने फोनकडे बघत काढले. पाचव्या दिवशी कामावरून सुटल्यावर त्याने नळावर हातापायाचं सिमेंट धुतलं आणि जव्हारच्या बाजारात उज्ज्वलाबाईंच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

दुकान वह्या, गाइडं आणि कंपासपेट्यांचं. मागच्या भिंतीला मात्र एक फळी गोष्टीच्या पुस्तकांची होती. ती फळी राहीमुळेच झाली. ती अंगणवाडीत सेविका होती; पोरांना दाखवायला पुस्तकं पाहिजेत म्हणून तिने उज्ज्वलाबाईंच्या मागे इतका धोशा लावला की बाई नाशिकहून माल आणताना एक गठ्ठा त्यांचाही आणायला लागल्या.

"या भाऊ," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी मागच्या भिंतीकडे बघितलं. "वहिनींची फळी आहे तशीच आहे. पुसते मी अधूनमधून."

"पुस्तकं पाहिजेत. नव्याला न्यायला."

"कोणाकोणाला?"

"मेहुण्याच्या दोन पोरी. धाकटी दुसरीत, थोरली आठवीत. एक चुलतसासरा, त्याला वाचता येत नाही. आणि सासू, तिलाही येत नाही."

उज्ज्वलाबाईंना हसू आलं. "दोन वाचणाऱ्या, दोन न वाचणारे. वहिनी दर वर्षी हेच सांगायच्या आणि मी दर वर्षी हसायचे."

"ती कशी निवडायची?"

"तासभर उभ्या राहून. मी म्हणायचे, वहिनी, स्टूल घ्या. तर म्हणायच्या, बसून निवडलं की आळशी पुस्तक येतं हाताला."

तुळशीदासला हे माहीत नव्हतं. त्याला वाटायचं ती बाजारात भाजीसाठी रेंगाळते. तो स्टुलाकडे न बघता फळीपुढे उभा राहिला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण त्यानंतर त्याने वाचलं ते सिमेंटच्या गोणीवरचं आणि एसटीच्या पाटीवरचं. एकेक पुस्तक काढून तो पाठीचा कणा बघायचा, शिवण अंगठ्याने दाबायचा, पुठ्ठ्यावर बोटाने टकटक करायचा.

"भाऊ, खणखणीत वाजतंय का बघताय होय?"

"टिकलं पाहिजे ना."

धाकटीचं लवकर झालं. सपनाला बेडूक आवडतात. त्याच्या पायावर एकदा तिने जिवंत बेडूक सोडला होता. बेडकाचं मोठ्या अक्षरातलं पुस्तक निघालं. चुलतसासरा बुध्या, त्याला राही नेहमी नुसत्या चित्रांचं द्यायची, तसं पक्ष्यांचं मिळालं. थोरल्या प्रतिक्षाला काय द्यावं ते समजेना. उज्ज्वलाबाईंनी चार-पाच पुढे केली. त्यातल्या एकात पूल कसे बांधतात, मनोरे कसे उभे राहतात असली चित्रं होती. त्याने पान उलटलं तर समोर ओळंबा. दोरीला लटकलेला, भिंतीला लावलेला, हुबेहूब त्याच्या पिशवीत असतो तसा. प्रतिक्षा लहान असताना सुट्टीत जव्हारला आली की त्याच्या कामावर येऊन विचारायची, मामा, भिंत वाकडी नाही हे तिला कसं कळतं? "हे द्या," तो म्हणाला.

राहिली सासू. तिच्यासाठी त्याला सगळ्यात चांगलं न्यायचं होतं. राही आईसाठी कायम बारीकशी पुस्तकं न्यायची, चाळीस पानांची, पन्नास पानांची. काटकसर करते, असं त्याला वाटायचं, आणि एकदा तो तसं म्हणालाही होता. ती नुसती हसली होती. यंदा त्याला काटकसर करायची नव्हती. वरच्या बाजूला एक जाडजूड पुस्तक होतं. मुखपृष्ठावर नदी, काठाशी पाठमोरी बाई. आतमध्ये एकच गोष्ट, दोनशे पानांच्या वर.

"हे आईला."

उज्ज्वलाबाईंनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं. "चांगलं आहे. पण वहिनी आईसाठी पातळच न्यायच्या हं."

"का?"

"ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी कधी विचारलं नाही."

"मग हेच द्या," तुळशीदास म्हणाला. चारी पुस्तकं त्याने राहीच्या कापडी पिशवीत घातली.

शनिवारी सकाळी त्याने मोखाड्याची एसटी धरली. राही असती तर तिने गाडी सुटायच्या आत पुस्तक काढलं असतं. देण्याआधी ती सगळी पुस्तकं गाडीतच वाचून काढायची. द्यायची वस्तू आपण का वापरायची, असं तो एकदा म्हणाला होता, तर म्हणाली, "आमटी चाखून न बघता वाढतं का कोणी?" त्याने जाड पुस्तक मांडीवर घेतलं. बोट ठेवून वाचायला लागला. पोशेऱ्याच्या वळणांवर गाडी अशी हलायला लागली की बोट एका ओळीवर आणि डोळा दुसऱ्या ओळीवर. अडीच पानं झाली आणि मळमळायला लागलं. त्याने पुस्तक मिटलं. बाहेर भातं कापून झाली होती, बांधांवर खुरासणी पिवळी फुलली होती. "बघ, यंदा खुरासणी दाट आहे," असं तो बोलूनही गेला. शेजारच्या माणसाने मान वळवली. "काय म्हणालात?" "काही नाही," तुळशीदास म्हणाला.

मोखाड्याहून खोडाळा, खोडाळ्याहून जीप, आणि जीप सोडल्यावर पाड्यापर्यंत अर्ध्या तासाची चढण. घर जवळ आलं तसा तो हळू चालायला लागला. बोलावल्याशिवाय आलोय. त्यांनी नुसतं 'बसा' म्हटलं, चहा दिला आणि जीप किती वाजता आहे असं विचारलं तर? तेवढं ऐकलं की सगळं समजणार होतं.

अंगणात मेहुण्याची बायको योगिता सुपात तांदूळ पाखडत होती. तिने वर बघितलं आणि सूप तसंच धरून उभी राहिली. "दाजी! एकटेच?" म्हणाली, आणि मग स्वतःच जीभ चावली. "या ना. पाणी आणते."

गोरख खळ्यावरून आला. राहीचा धाकटा भाऊ. तो राहीच्या चेहऱ्याचा होता, म्हणून तुळशीदासला त्याच्याकडे बघवेना. "आलात होय," गोरख म्हणाला. "मी फोन करणारच होतो."

"वर रेंज नसते," तुळशीदास म्हणाला.

"व्हय, रेंज नसते," गोरख म्हणाला.

बुध्याबा ओसरीवरच्या खाटेवर होता. त्याने जोरात विचारलं, "कोण आलाय? गवंडी आला? पिशवीत काय जड आणलंस रं?"

"पुस्तकं, बाबा. दर वर्षीसारखी."

बुध्याबाने पिशवीत हात घातला आणि बरोबर ते जाड पुस्तक वर काढलं. हातावर तोललं. "पुस्तक हाय का वीट? गवंडी तो गवंडीच!"

योगिता पदर तोंडाला लावून हसली. तुळशीदासलाही बरं वाटलं. टोमणा का होईना, तो घरच्या माणसाला मारतात तसा होता.

पाणी पिऊन झालं आणि तो सवयीने खळ्याकडे वळला. एवढ्यात आतून आवाज आला. "जावई कुठं चालला?"

पोशी दारात उभी होती, चौकटीला धरून. वर्षभरात ती वाकली होती. डोळ्यात मोतीबिंदूची राख उतरलेली. लेकीच्या दिवसांना ती जव्हारला आली होती तेव्हा ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि त्यानेही तिच्याशी.

"खळ्यावर बसतो, आई."

"खळ्यावर काय हाय? झोडून झालं सगळं. आत ये."

एकोणीस वर्षांत तो पहिल्यांदा नव्याच्या दिवशी आत बसला.

चुलीजवळ भात शिजला होता. नव्या तांदळाचा वास घरभर भरला होता. पळसाच्या पानांवर थोडाथोडा भात वाढला गेला, एक पान देवाचं, एक वाडवडलांचं. पोशीने हळद लावली, पाणी फिरवलं. मग घास घेतला, सावकाश चावला आणि मान हलवली. मग सगळ्यांची पानं झाली. जेवणं होईपर्यंत कोणी राहीचं नाव काढलं नाही. तुळशीदास वाट बघत होता.

पानं उचलली तशी सपना पुढे सरकली. "आजी, आता पुस्तकं!"

पुस्तकं सुपात मांडलेली होती. पोशीने हळदीचा हात तसाच ठेवून एकेक घेतलं आणि मधूनच उघडून ज्याचं त्याच्या हातात दिलं. सपनाच्या पानावर बेडूक आरशात बघत होता. ती तिथंच आडवी पडून वाचायला लागली. बुध्याबाच्या पानावर भारद्वाज निघाला. "हा कुकुडकुंबा. इथं काय लिवलंय? दुसरं काय लिवलं असंल तर चुकीचं हाय," असं म्हणून त्याने पान मिटलं. प्रतिक्षाने आपलं पुस्तक पाहिलं, दोन पानं पुढे गेली, दोन मागे आली, आणि एकदम म्हणाली, "मामा, हा तुमचा ओळंबा!" तुळशीदास चुलीकडे वळला. त्याने चूल सारखी केली.

मग पोशीने जाड पुस्तक मांडीवर घेतलं. दोन्ही हातांनी उघडलं, पानावर अंगठा टेकवला आणि प्रतिक्षाकडे दिलं. "वाच. तुझी आत्या वाचायची तसं. ठळक."

प्रतिक्षाने वाचलं. "ती म्हणाली, त्या घरचा उंबरा मी आता ओलांडणार नाही. भाऊ काहीच बोलला नाही. त्याने बैल जुंपले."

ती थांबली.

"कोण म्हणाली?" सपनाने विचारलं.

"माहीत नाही."

"कुठल्या घरचा उंबरा?"

"ते मागे असेल."

"भाऊ कोणाचा?"

"अगं मला काय माहीत! मधूनच आहे ना."

"बैल कोणाचे ते तरी सांग," बुध्याबा म्हणाला, आणि सगळे हसले. तुळशीदास हसला नाही. प्रतिक्षाने आणखी अर्धं पान वाचलं. त्यात नवीन दोन नावं आली, कोणीतरी कोणावर तरी रागावलं होतं. पोशी कान देऊन बसली होती, पण तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"काय झालं?" त्याने विचारलं. "वाईट आहे का?"

प्रतिक्षा उठली आणि कोपऱ्यातून पत्र्याची पेटी ओढून घेऊन आली. "वाईट नाही, मामा. पण आत्याची पुस्तकं अशी असायची." तिने पेटीतलं एक काढून त्याच्या हातात दिलं. बारीकसं पुस्तक. एका पानावर एक गोष्ट, ती त्याच पानावर सुरू होऊन तिथंच संपलेली. पुढच्या पानावर दुसरी. दुसऱ्या एका पुस्तकात पानागणिक एक झाड. तिसऱ्यात उखाणे आणि कोडी. "आजी कुठूनही उघडते ना. म्हणून आत्या शोधून शोधून अशीच आणायची. म्हणायची, आई जिथं उघडेल तिथं तिला पुरतं काहीतरी मिळालं पाहिजे. अर्धं नको."

तुळशीदास पुस्तकं चाळत राहिला. प्रत्येकात एका पानावर हळदीचा अंगठा होता. जुन्यांतला फिका झालेला, नव्यांतला अजून पिवळा. वर कोपऱ्यात राहीने पेन्सिलने साल लिहिलं होतं. ती काटकसर करते म्हणून तो तिला बोलला होता. तेव्हाच तिने सांगितलं असतं, पण त्याने विचारलं नव्हतं. इथून खळं दहा पावलांवर. एकदा उठून दारात आला असता तरी दिसलं असतं.

त्याची कानशिलं गरम झाली. त्याने ते जाड पुस्तक प्रतिक्षाच्या हातून घेतलं. "मी बदलून आणतो. दुकानवाल्या ओळखीच्या आहेत."

"काय बदलून आणतो?" पोशीने विचारलं.

"हे पुस्तक, आई. चुकीचं आलं. मला नाही समजलं. तिच्यासारखं पुढच्या खेपेला..." पुढची खेप असेल की नाही हेच माहीत नसल्यामुळे त्याचं बोलणं तिथंच अडलं.

"माझा हात लागलाय त्याला," पोशी म्हणाली. "नवं झालं ते. शिजलेला दाणा परत कणगीत घालतोस काय?"

चुलीत एक लाकूड कोसळलं.

"मग पहिल्यापासून वाचायचं का?" सपना म्हणाली.

"तसं नसतं," प्रतिक्षा म्हणाली. "आजीने उघडलं तिथूनच वाचायचं. आत्याचा नियम आहे."

"आत्या नाहीये तर..." सपना बोलली आणि गप्प झाली. योगिताने तिच्या दंडाला हात लावला होता.

पोशीने मान वळवली. तिला नीट दिसत नव्हतं, पण तोंड बरोबर तुळशीदासकडे होतं. "तिचा माणूस बसलाय इथं. त्याला विचारा. तिचा नियम हाय, तोच सांगंल."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सपनासुद्धा उठून बसली. राहीच्या वतीने त्याला कोणी काही विचारावं असं या घरात आजवर झालं नव्हतं, राहीच असायची. तो गोंधळला. नियम मोडा म्हणायला त्याची जीभ रेटेना. आणि अर्धंमुर्धं ऐकायला सासूला बसवायचं, तेही राहीला चाललं नसतं.

"आईचं पान कितवं?" त्याने विचारलं.

"एकशे बावीस."

"मग असं करू. पहिल्यापासून निघायचं आणि आईच्या पानाला पोचायचं. तोवर ती बाई कोण, भाऊ कोण ते कळेल. तिथून पुढं नियमाप्रमाणे."

"हा वकील कवा झाला रं?" बुध्याबा म्हणाला.

पोशी मात्र हसली नाही. "असू दे," ती म्हणाली. "पण एकशे बावीस पानं म्हणजे एक दिवसाचं काम नव्हं. वाचंल कोण? ही पोर उद्या आश्रमशाळेत जाईल."

योगिता म्हणाली तिला कामातून वेळ नाही. गोरख म्हणाला, "माझं वाचणं सातबाऱ्यापुरतं."

"आणलं कोणी?" पोशी म्हणाली.

"मला नाही जमायचं, आई. मी अक्षर अक्षर लावून वाचतो. तुम्ही कंटाळाल."

"मला कुठं जायचंय?"

त्याने पुस्तक घेतलं. उजेड कमी व्हायला लागला होता म्हणून तो दाराशी सरकला. पोशी त्याच्या शेजारी येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. त्याने बोट ठेवलं आणि सुरुवात केली. एका नदीकाठच्या गावात एक बाई होती. एसटीत वाचलेली अडीच पानं थोडी सोपी गेली. पुढे जोडाक्षरं आली. सपना मागून डोकावून सांगायची, "मामा, तो 'ज्ञ' आहे." बुध्याबा म्हणायचा, "मास्तरीणबाई, त्याला छडी दे." एकेक ओळ रचत तो पुढे सरकत होता, आणि घरातलं कोणी उठून जात नव्हतं. गोरखसुद्धा खळ्यावर न जाता उंबऱ्यावर टेकला.

पाचव्या पानावर एक साधी ओळ होती. 'तिने त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती.' तुळशीदासने ती वाचली आणि पुढचा शब्द त्याला दिसेना. शब्द सोपाच होता. तो नुसता बसून राहिला. कोणी त्याला घाई केली नाही.

"तीही थांबायची अशी," पोशी म्हणाली.

"कोण?"

"राही. वाचता वाचता मधीच थांबायची. लहान होती तवापासून. मी म्हणायची, घे दम. मग घ्यायची आणि वाचायची."

घरात राहीचं नाव निघालं होतं. पोशीचा चेहरा हलला, गोरखने तोंड फिरवलं. तुळशीदासला वाटलं होतं तसंच झालं, आणि तरी ते सोसत नव्हतं. इतक्या वर्षांत ती त्याच्यासमोर एकदाही वाचताना थांबली नव्हती. त्याने कधी ऐकलंच नव्हतं तर थांबलेलं कुठून कळणार?

"अजून सांगा," तो म्हणाला. "कशी थांबायची?"

"आज नाय," पोशी म्हणाली. "आज तू वाच."

त्याने दम घेतला आणि वाचलं. अंधार पडेपर्यंत सहा पानं झाली. सहाव्या पानाच्या शेवटी ती बाई गाठोडं घेऊन नदीपाशी येऊन बसली होती. होडी अजून आली नव्हती.

सकाळी तो निघाला तेव्हा पुस्तक पिशवीत घालायला लागला. "घेऊन जातो, आई. आठवडाभर सराव करतो, मग अडणार नाही."

पोशीने पिशवीत हात घालून पुस्तक काढून घेतलं. "नको. तिकडं तू एकटा पुढं वाचून टाकशील. इथंच राहू दे. रविवारी सुट्टी असते ना तुला?"

"असते."

"मग."

गोरख त्याला जीपपर्यंत सोडायला आला. अर्धी उतरण संपली. मग गोरख पुढे बघत बोलला, "दाजी, रेंज असते वरती. टेकाडावर गेलं की लागतो फोन. दोनदा गेलो होतो मी. पण काय बोलायचं? ताई नाही, आणि नव्याला या म्हणायचं. तुम्हाला इथं आणून छळायचं कशाला, असं वाटलं."

"मला वाटलं तुम्हाला नको झालो."

"नको कशाला व्हाल?" गोरख रागानेच म्हणाला. "मागची भिंत बघितलीत का? चुलीच्या मागची. पावसाळ्यात फुगलीय. गावातला एक म्हणत होता मी करून देतो. म्हटलं, आमचा गवंडी हाय. रविवारी येताना थापी आणा."

पाहुण्याला कोणी भिंत दुरुस्त करायला सांगत नाही. तुळशीदासला हे चालता चालता समजलं, पण बोलता मात्र वेगळंच आलं. "नुसत्या थापीने काय होतं? वाळू चाळून ठेव. ओली ठेवू नको."

"ठेवतो."

जीप खोडाळ्याला निघाली. तो पुढच्या बाकावर अंग चोरून बसला. आठवड्याला सहा पानं धरली तर आईच्या पानाला पोचायला शिमगा उलटून जाईल. त्याला काही घाई नव्हती. पण ती बाई नदीवर कोणासाठी थांबली आहे, नवऱ्यासाठी की माहेरच्या कोणासाठी, हे त्याच्या डोक्यातून जाईना. झाकलेली भाकरी कोणी खाल्ली की नाही, तेही पुस्तकाने अजून सांगितलं नव्हतं. राहीला विचारलं असतं तर तिने सांगितलं नसतंच. पुस्तक त्याच्या हातात दिलं असतं आणि म्हणाली असती, वाच ना, मी ऐकते. तिने तसं कितीदा म्हटलं होतं, आणि तो कितीदा तंबाखू मळत बाहेर जाऊन बसला होता. आज सोमवारही नव्हता. रविवारच होता. सगळा आठवडा अजून जायचा होता.